वायचा आय होतो, त्याची हकिगत

प्रिय साडूसाहेब यांस,

सप्रेम, आणि या खेपेला जरा ताठ मानेनं, नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही दोघं ठणठणीत. तुमच्या मेहुणीबाईंच्या मते मी जरुरीपेक्षा जास्तच ठणठणीत आहे, कारण गेला आठवडाभर मी घरात छाती काढून फिरतोय. त्याला कारणही तसंच आहे. तुमच्या या साडूनं, म्हणजे जन्मभर लोकांचे कोट धुऊन इस्त्री करून देणाऱ्या माणसानं, भर वर्गात फळ्यावर एक फ्रेंच क्रियापद एकही चूक न करता चालवून दाखवलं. टाळ्या पडल्या. (मोजून चार माणसं होती, पण चौघांनीही वाजवल्या.)

मुळात हे खूळ कुठून आलं ते सांगतो. आमची नात, भिंगरी, तिकडे फ्रान्समध्ये शाळेत जायला लागल्यापासून फ्रेंचच बोलते. रविवारी पडद्यावर दिसते, भराभरा काहीतरी सांगते, आणि मी आपला हसून “वी, वी” म्हणतो. “वी” म्हणजे हो. तेवढाच एक शब्द मला येत होता, आणि तेवढ्यानं माझं छान चाललं होतं. एका रविवारी तिनं बराच वेळ मान वाकडी करून काहीतरी विचारलं. मी तीनदा “वी” म्हणालो. तासाभरानं लेकीचा फोन आला. “बाबा, तुम्ही तिला स्वतःचे केस स्वतः कापायची परवानगी दिलीत?” पुढचे केस मुळापासून गेले होते. एक भुवईसुद्धा थोडक्यात वाचली. “आजोबा हो म्हणाले” एवढंच पोरगी रडत सांगत होती, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

त्या दिवशी ठरवलं, आपण कशाला हो म्हणतो ते माणसाला कळलं पाहिजे. (लग्नात ही संधी मिळत नाही. हे वहिनींना वाचून दाखवू नका.)

दुकानापासून दोन गल्ल्या सोडून एका बाईंचा संध्याकाळचा फ्रेंचचा वर्ग आहे. बाई आमच्या लेकीच्या वयाच्या, पण खडू हातात घेतला की करारी. त्यांनी प्रत्येकाला आपापल्या धंद्यातलं क्रियापद निवडायला सांगितलं. माझ्या शेजारी दातांचे डॉक्टर बसतात. त्यांनी ‘ओढणे’ निवडलं. मी अर्थातच ‘साफ करणे’. त्याला म्हणतात ‘नेत्वाये’. ऐकायला किती धुतल्यासारखं वाटतं! मी ऐटीत फळ्याशी गेलो, मूळ शब्दाच्या स्पेलिंगमधला वाय जपून उचलला आणि ‘मी साफ करतो’मध्ये बसवला. बाईंनी त्या वायवर काट मारली. म्हणे, ‘मी’, ‘तू’, ‘तो’, ‘ते’ यांच्यापाशी वायचा आय होतो, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्यापाशी मात्र वाय तसाच राहतो.

आता तुम्हीच सांगा, हा कुठला न्याय? मी उभ्या उभ्या म्हणालो, “बाई, माझ्याकडे कोट येतो तो कोट म्हणूनच परत जातो. मधेच त्याचं जाकीट होत नाही!” बाई शांतपणे म्हणाल्या, “काका, बसा. पुढे शेवटी ई येतो, तो मुका असतो. मुक्या ई-आधी वाय टिकत नाही.” आणि ‘ते साफ करतात’ची तर आणखी तऱ्हा. त्याच्या शेवटी ई, एन, टी अशी तीन अक्षरं लिहायची आणि एकाचाही उच्चार करायचा नाही. म्हणजे हजेरीपटावर नाव आहे, पण कामावर कुणी येत नाही. वरून कळलं की ‘पैसे देणे’ या क्रियापदाला वाय ठेवा नाहीतर आय करा, दोन्ही चालतं. देणाऱ्याला सवलत आणि धुणाऱ्याला सक्ती! हे मी बोलूनही दाखवलं. डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत.

मग मी इरेला पेटलो. दुकानात वाफेच्या इस्त्रीच्या तालावर घोकंपट्टी सुरू केली. ज नेत्वा, त्यू नेत्वा, फुस्स. नू नेत्वायों, फुस्स. ‘आम्ही’ला वाय का सुटत नाही या विचारात डॉक्टरांच्याच शर्टाची कॉलर जाळली. भले माणूस! म्हणाले, “शर्ट जाऊ दे. तुम्हाला नियम कळला का? मला नाही कळला.” शेवटी परीक्षेच्या दिवशी मी साही रूपं लिहिली. वाय जिथल्या तिथे, आय जिथल्या तिथे, तिन्ही मुकी अक्षरं गुपचूप शेवटी बसलेली. बाईंनी खडू खाली ठेवून हात मिळवला. खरं सांगतो, मी तो हात सोडायलाच विसरलो. दुकान पहिल्यांदा उघडलं तेव्हाही असं झालं नव्हतं.

रविवारी नवा शर्ट घालून पडद्यासमोर बसलो आणि साही रूपं खणखणीत म्हणून दाखवली. भिंगरीनं गाल हातावर टेकवून सगळं ऐकलं, आणि स्वच्छ मराठीत विचारलं, “आजोबा, पण काय साफ केलं?”

मराठीत! आजोबा शिकतायत म्हटल्यावर तीही हट्टानं आईकडून मराठी शिकत होती, आणि आम्हाला कुणी पत्ताही लागू दिला नव्हता. तुमच्या मेहुणीबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मीही पुसले असते, पण मी त्या वेळी विजेता होतो. मग तिनं आपलं क्रियापद म्हटलं, “मी जाते, तू जातेस, ती जाते. काल मी जाली.” आईनं आतून सांगितलं, “गेले.” पोरगी थबकली. तिनं थेट माझ्याकडे पाहून विचारलं, “आजोबा, ‘ज’ कुठे जाला?”

मी आवाज नीट येत नसल्याचं सांगितलं.

तर असो. एका घरात दोन पिढ्या दोन भाषा शिकतायत, याचा अभिमान वाटून तुम्हीही छाती काढून फिरायला हरकत नाही. गुडघा सांभाळून.

आपला,
क्रियापदं चालवणारा साडू

ता. क. तुम्ही आयुष्यभर शाळेत मराठी व्याकरण शिकवलंत आणि मी आयुष्यभर त्याची थट्टा केली. ती सगळी मागे घेतो. ‘जाते’चं ‘गेले’ कसं होतं, ते रविवारच्या आत कळवा. लहान पोरीला समजेल अशा भाषेत लिहा, म्हणजे दोघांचं काम होईल.

आणखी एक ता. क. उत्तर पत्रानंच द्या. फोन तुमच्या मेहुणीबाई उचलतात, आणि त्यांना मी सांगितलंय की मला कारण माहीत आहे, मुद्दाम राखून ठेवलंय. आणि कृपा करून ‘असंच असतं’ असं लिहू नका. तिनं पुन्हा विचारल्यावर ते उत्तर मी देऊन पाहिलं. भिंगरीनं पडद्यावरून तोंड फिरवलं आणि आईला हळूच विचारलं, “आजोबांना मराठी येत नाही का?”