गोठ्याला अर्थ नाही

३ जानेवारी

गोठ्यातल्या दिव्याच्या बटणाविरुद्ध ही माझी गंभीर तक्रार! वीस वर्षं मुलांकडून शब्दरूपं घोकून घेतलेल्या माणसाच्या करंगळीत हे दीड बोटाचं क्षुद्र यंत्र रोज सकाळी झिणझिण्या आणतं. सौ. तेच बटण दिवसातून चारदा दाबते. तिला काही होत नाही. म्हणते, "तुमच्यावरच राग असेल त्याचा."

उद्या वायरमनला बोलावतो. बटणाचा निकाल लागलाच पाहिजे.

४ जानेवारी

वायरमन माझाच जुना विद्यार्थी निघाला. संस्कृतात मी त्याला दोनदा नापास केलेलं. टेस्टर घेऊन गोठा, चाऱ्याची खोली, पंपाची खोली फिरला, कंबरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "सर, तुमच्या गोठ्याला अर्थच नाही."

त्याच्या उत्तरपत्रिकेवर मी लाल शाईने हेच लिहायचो! पठ्ठ्याने व्याजासकट परत केलं.

त्याचा अर्थ म्हणजे जमिनीत गाडलेली तार. वीज कुठे फुटली तर तिने मातीत जावं, माणसात शिरू नये, म्हणून. आमच्या तिन्ही खोल्यांना ती नाही. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. सगळं नवं करायचं ठरलं. मला तर हुरूपच आला.

"पण त्या बटणात काही नाही हं, सर. टेस्टर पेटत नाही."

"मग झिणझिण्या?"

"त्या डॉक्टरला दाखवा."

सौ. बादली घेऊन तिथेच उभी होती. मी घाईघाईने अर्थच्या तारेसाठी खड्डा कुठे खणायचा ते विचारलं.

५ जानेवारी

खड्डा झाला. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. सौ. दारातून – "अहो, फोडणी देऊ का?" वायरमन खो खो हसला. मीही हसलो, जरा जास्तच.

आज करंगळीशेजारचं बोटही.

६ जानेवारी

घरापासून गोठ्यापर्यंतची केबलही बदल म्हणालो. वायरमन म्हणाला, "ती चांगली आहे, सर." तरी बदल! दिवसभर त्याच्या मागे मागे फिरलो. बसवतच नाही. शेवटी तोच वैतागला – "सर, तुम्ही सुपरव्हिजन करताय की कॉपी पकडताय?"

मेन बंद असताना बटणाला हात लावून पाहिला. झिणझिण्या आल्याच.

७ जानेवारी

काही नाही. नव्या वायरी भिंतीवर सरळ रेषेत. बघत राहिलो.

८ जानेवारी

काम पुरं. नव्या बोर्डावर सहा खटके. इतकी वर्षं सौ. मेनला हात लावत नसे – "ते तुमचं खातं." आज मात्र वायरमनला थांबवून एकेक खटका विचारून घेतला. प्रत्येकाखाली स्वतः चिठ्ठी चिकटवली. मी सुचवलं, चाऱ्याच्या खोलीला 'तृणागार' लिही. म्हणाली, "मला कळेल असं लिहू द्या हो."

मग पंप. चालू, बंद, चालू. दोनदा चुकली. मी पुढे झालो तर हाताने अडवलं – "थांबा. मलाच करू द्या."

तिसऱ्यांदा जमलं. वायरमनने टाळ्या वाजवल्या. मी हात खिशातच ठेवले.

९ जानेवारी

सकाळी चहाचा कप हातातून निसटला. तिने तुकडे गोळा केले आणि मान वर न करता म्हणाली, "तिसरा."

आधीचे दोन ती गोठ्यात असताना फुटले होते. तुकडे मी परसात पुरले होते. या वहीलाही सांगितलं नव्हतं. तेव्हा जवळपास बटण नव्हतं.

उद्या डॉक्टरकडे जाणार. ती सोबत येते आहे. मला हाताची भीती वाटते. त्याहून जास्त भीती याची, की माझ्यावाचून सगळं चालवायचा सराव तिने मला न विचारता सुरू केला आहे – आणि तिला तो लागणार आहे.