राशीतल्या पाच बाटल्या

७ जानेवारी १९६४, अमरावती

स्वतःच्या हातांनी केलेलं: आसवाच्या खोलीतली भट्टी. मातीच्या सोळा बरण्यांना आतून धुरी, तोंडाला कापडमाती. मनुका धुवायची तिरपी चाळण. सायकलच्या आऱ्याचा बूच काढायचा स्क्रू. तापमापक धान्याच्या राशीत खुपसायची बांबूची नळी. आणि सन अठ्ठेचाळीसपासून दर वर्षीचं द्राक्षासव. एकही घाणा बिघडलेला नाही. एकही.

यादी करायचं कारण — अकोल्याहून कमलाकांत वकिलांचं पत्र. जावई रविकांत तेलाच्या यंत्रांचं शिक्षण घेऊन फ्रान्सहून परतला. बरोबर सहा बाटल्या लाल वाइन, बोर्दोकडची, एकसष्ट सालच्या द्राक्षांची. मुलगी अनुपमाला पुढच्या महिन्यात मूल होईल. तिकडे म्हणे मूल झालं की बाटल्या ठेवून देतात, एकविसाव्या वर्षी उघडतात. वकीलसाहेब लिहितात, 'ही एकवीस वर्षं टिकेल का ते सांगायला या. दारूचं परमिट माझं, जीभ तुमची.'

जावई शिक्षण विचारणार. इंग्रजी चौथी सांगावं लागणार. म्हणून यादी.

११ जानेवारी, अकोला

रविकांतचा चकचकीत स्क्रू बुचात तिरपा गेला. माझा आरा सरळ.

चांदीची वाटी घरून नेली होती. खिडकीच्या उजेडात पाहिलं. रंग पिकल्या जांभळाच्या सालीचा, काठाला अजून निळसर झाक — म्हणजे कोवळी. वास: जांभूळ, मग तासलेली पेन्सिल, मग काहीच नाही. दार लावून घेतलेलं घर. गोडवा शून्य. आंबटपणा स्वच्छ, अंबाडीच्या बोंडासारखा. तुरटपणा बाभळीच्या सालीइतका, हिरड्या आवळल्या. घड्याळ लावलं — बेचाळीस सेकंद रेंगाळला. मग तस्तात थुंकलो. मी दारू पीत नाही.

रविकांत चकित. "काका, तिथले जाणकार अगदी असंच थुंकतात."

"त्यांनाही प्यायची नसेल."

"अहो, मले तरी पिऊ द्या," वकीलसाहेब म्हणाले, "दोघं मिळून तस्तालेच पाजून राहिले."

निकाल आज दिला नाही. अर्धी बाटली उघडी ठेवायला सांगितली. एका दिवसाच्या हवेने जी लडखडेल, ती एकवीस वर्षं काय चालणार?

१२ जानेवारी, अकोला

चहाआधी पुन्हा चाखली. ताठ उभी होती. तुरटपणा मऊ झाला तरी आंबटपणा उघडा पडला नाही. काल बंद असलेला वास आज बोलायला लागला — जांभूळ, सुकं अंजीर.

निकाल: माल तयार झालेला आहे, व्हायचं काही राहिलेलं नाही, फक्त मुरायचं आहे. दहा वर्षं कोणी हात लावू नये. एकवीसला उत्तम. पंचविसानंतर मी जबाबदार नाही.

रविकांतने वहीत उतरवून घेतलं. इंजिनिअर माणूस, माझं बोलणं उतरवून घेत होता. (नोंद असावी.) वर म्हणाला, "काका, बाटल्या आडव्या ठेवायच्या, थंड जागी. तिकडे त्यासाठी तळघरं असतात."

मान हलवली. त्यांच्याकडे ज्वारीच्या राशी नाहीत, म्हणून तळघरं.

उरलेल्या पाच माझ्या ताब्यात.

१५ जानेवारी, अमरावती

आसवाचं भांडं धान्याच्या राशीत पुरावं, हे शास्त्र. सोळा वर्षं तेच करतोय. कोठीत टिनाखाली नवी ज्वारी भरली आहे. पाचही बाटल्या उभ्या, हातभर खोल.

देवमन दहा वर्षं भट्टीवर माझ्याबरोबर आहे. राशीकडे बघत उभा राहिला.

"मालक, जावयानं आडव्या सांगतल्या होत्या नं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमीच तर मालकीणबाईले सांगून राहिले होते. हासू हासू."

"जावई यंत्रं शिकून आलाय."

"बरं. मंग मी कायले बोलू."

२९ फेब्रुवारी, अकोला

बारसं. मुलगी. नाव रमा.

वकीलसाहेबांनी पाहुण्यांसमोर मला उभं केलं. "हिच्या लग्नाचं मी पाहीन, बाटल्यांचं हे पाहतील. बाटल्यांचे पालक! उघडायचं साल पंच्याऐंशी." तेव्हा मी त्र्याहत्तरचा असेन. रविकांतच्या कंपनीतले मुंबईचे साहेब आले होते. पाऊण तास माझ्याकडून तुरट-आंबटाचं गणित समजून घेतलं. नाव-पत्ता लिहून घेतला. शिक्षण विचारलं नाही.

९ मे

सावलीत पारा एकशे तेरा फॅरनहाइटवर. दुकानात माशीसुद्धा नाही.

१७ मे

गोदावरी ज्वारी काढायला कोठीत गेली, ती मूठ पुढे करूनच बाहेर आली. "अहो, तुमच्या ज्वारीला रंग फुटलाय."

दाणे लाल, चिकट. देवमनने रास उकरली. पाचही बुचं बोटभर वर आलेली, एक गळती. बांबूच्या नळीतून तापमापक घातला — एकशे आठ.

गळकी उघडली. रंग विटकरी. वास उकडलेल्या मनुकांचा, त्यावर सिरका. चव लिहीत नाही.

"कशी आहे?" गोदावरीने विचारलं.

"मुरतेय."

तिने मूठ नाकाशी नेली. "लोणच्यात चालेल," म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

१८ मे

बारा जानेवारीचं पान काढून वाचलं. 'माल तयार झालेला आहे.' अक्षर माझंच. बरणीतलं आसव कच्चं असतं, त्याला ऊब लागते. हे कच्चं नव्हतं. तयार मालाला राशीची ऊब म्हणजे पुन्हा चुलीवर चढवणं. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, मीच लिहून ठेवलं होतं.

परीक्षक बरोबर होता. राखणारा चुकला. दोघांचं नाव एकच.

देवमनने उरलेल्या चार पुसून माठाच्या घडवंचीखाली ठेवल्या. आडव्या.

३१ मे

वकीलसाहेब कोर्टाच्या कामाने अमरावतीत. उभ्या उभ्या दुकानात आले.

"काय म्हणतात आमच्या बाटल्या?"

"छान."

"रमा पालथी पडायला लागली बरं का. यांचं कसं? उभ्याच अजून?"

"आडव्या आहेत," म्हणालो.

दिवसभरात खरं बोललो ते एवढंच.

१३ जून

मुंबईच्या साहेबांचं पत्र. त्यांच्याकडे परदेशी पाहुणे येतात, फ्रान्सचा लाल माल मिळत नाही. 'एक बाटली मुलीसाठी राहू द्या, चार मला द्या. उघडून पाहायची गरज नाही. आपण एकवीस वर्षं म्हणालात, तो शब्द पुरे. वकीलसाहेब म्हणतात की निर्णय आपला, रक्कम रमाच्या नावे जाईल.'

रमाच्या वाट्याची एक गेली, चार उरल्या. किती बरोबर जुळतं. मुंबईत उघडल्यावर दोष रेल्वेला, दोष उन्हाळ्याला. मला कोणी विचारणार नाही. उलट चारांची काळजी मिटली, रमाच्या एकीचं पंच्याऐंशीला पाहू.

गोदावरीला पत्र वाचून दाखवलं.

"द्या की. पोरीच्या नावावर काही पडेल."

"सिरका आहे तो."

"मुंबईच्या साहेबाला काय कळतंय?"

"मला कळतं."

"मग वकीलसाहेबांना 'छान' कोण म्हणालं?"

पत्राची घडी घातली. ती तांदूळ निवडत राहिली.

१५ जून

'तो शब्द पुरे.' पत्र पुन्हा काढून वाचलं. त्याला माल नको आहे, शब्द हवा आहे. माल तर त्याने पाहिलेलाही नाही.

१७ जून

देवमनला विचारलं, जानेवारीत आणखी जोर करून का नाही बोललास.

"तुमी आयकलं असतं का?"

नाही.

१९ जून, अकोला

चारांतली एक घेऊन आलो. वकीलसाहेब, रविकांत, अनुपमा, तिघांसमोर उघडली. वाटी फिरवली. रास, टिन, एकशे आठ अंश, 'छान' — सगळं क्रमाने सांगितलं. रविकांत थुंकला. वकीलसाहेबांनी गिळली, डोळे मिटून घेतले, म्हणाले, "एकवीस वर्षं चार महिन्यात उरकली तुमी." कोणी हसलं नाही. मग अनुपमा हसली.

पहिल्या पानावरच्या यादीत भर: बोर्दोचा सिरका, पाच बाटल्या. स्वतःच्या हातांनी.

मुंबईला इथूनच पत्र टाकलं, कारणासह. चार बाटल्या, न उघडता, माझ्या शब्दावर — आठशे रुपये. नाही म्हणालो.