किल्लेदाराचा शब्द

स्कोफिल्ड्स, सिडनी
४ जून २०२४

चि. हृषीकेश यास अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या विनीताताईकडे सगळे प्रेमानं करतात. पण इथे संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि माझं हृदय आता थकलंय. मला पुण्यात, आपल्या घरी मरायचंय. तुझी आई गेल्यावर तू घराला कुलूप लावलंस आणि किल्ली ब्रिस्बेनला नेलीस. ती दे.

द्यु गेक्लाँचं चरित्र लिहून होत आलं. मध्ययुगातला हा फ्रेंच सरदार पुढे सरसेनापती झाला, पण लहानपणी कुरूप म्हणून आईबापांचा नावडता. (तू निदान देखणा तरी आहेस.) त्यानं घातलेल्या शेवटच्या वेढ्यात किल्लेदारानं ठरल्या दिवशी किल्ल्या देण्याचा शब्द दिला होता. त्याआधीच हा आजारानं गेला. तरी किल्लेदार आला आणि किल्ल्या प्रेतावर ठेवल्या, असं सांगतात. द्यु गेक्लाँला आपल्या मुलखात दफन व्हायचं होतं. पोचलं फक्त हृदय. मला सगळंच पोचायचंय.

रागावलोय, पण लोभ आटलेला नाही.
बाबा

स्प्रिंगफील्ड लेक्स, ब्रिस्बेन
११ जून

ती. बाबांना शि. सा. न.

पत्र वाचून रडलो. पुण्यात एकटे असताना छातीत दुखलं तर कोण धावेल, या भीतीनं किल्ली दाबून ठेवली. तुमचा आवाज ऐकून नाही म्हणवलं नसतं, म्हणून फोन उचलला नाही. हरलो. बावीस तारखेला, शनिवारी, किल्ली घेऊन येतो. तोवर सेनापतींनी औषधं वेळेवर घ्यावीत.

माया असू द्यावी.
हृषीकेश

स्कोफिल्ड्स
३० जून

चि. हृषीकेशला ताईचे आशीर्वाद.

बाबा बुधवारी गेले तसा धावत आलास. शनिवारी अंत्यविधीला त्यांच्या छातीवर किल्ली ठेवलीस. तारीख बावीसच होती. तुझ्यावरचा माझा राग तिथेच संपला.

तेव्हा सांगवलं नाही. दहनभट्टीत धातू चालत नाही म्हणून तिथल्या माणसानं किल्ली काढून माझ्या हातात दिली. सोबत पाठवतेय. अस्थी घेऊन पुण्याला निघालास की लागेलच.

अस्थी घरात नेत नाहीत, असं काकू सांगतील. ऐकू नकोस. कुलूप उघड आणि आधी त्यांना आत ने. थोडा वेळ त्यांच्या खुर्चीत ठेव. मग नदीवर जा.

लोभ आता आपल्या दोघांतच राहिलाय, तो सांभाळ.
ताई