आतला टाका

३ ऑगस्ट

बाळ सहा आठवड्यांचं झालं. तपासणीला गेले — माझ्याच वॉर्डात, जिथे अकरा वर्षं मी इतर बायकांची बाळंतपणं केली. टेबलाच्या या बाजूने खोली केवढी मोठी दिसते! मी बसायच्या आतच धाकट्या सिस्टरने कागदावर लिहून टाकलं : तक्रार नाही. "तुम्हाला कसली तक्रार असणार, ताई?" मी हसले. मग शिंकले. मग पाय जुळवून बाहेर आले.

५ ऑगस्ट

नवऱ्याला वाटतं, आवाज बाळाचा. वाटू दे.

९ ऑगस्ट

वायू रोखता येत नाही. कधीकधी नुसत्या वायूवर भागतही नाही — लिहिलं एकदाचं. आईला सांगितलं. "बाळंतपणाचं असतं ते. चारचौघांत कशाला काढायचं?"

चारचौघांतच तर निघतं, आई.

एक तारखेपासून ड्यूटी. बारा तास उभं राहायचं. कसं?

१६ ऑगस्ट

दोन बस बदलून परक्या हॉस्पिटलात गेले. काय करता, विचारलं तेव्हा ठोकून दिलं — शिवणकाम. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान. पेनाचं टोपण चावत म्हणाल्या, "वायू रोखता येतो?" बाहेर ऊन आहे का, असं विचारावं तसं. मला हसू फुटलं, आणि त्यांना उत्तर मिळालं. त्याही हसल्या.

तपासून म्हणाल्या, "कातडी सुरेख शिवलीय. आतला स्नायू फाटलेलाच राहिलाय. दुरुस्त होतं हे." ऑपरेशन नोव्हेंबरात. तोवर व्यायाम. रजा वाढवायची.

अकरा वर्षांत हा प्रश्न मी एकीलाही विचारला नाही.

१७ ऑगस्ट

नवऱ्याला सांगितलं. उठून पाळण्याजवळ गेला. मग बाळाला म्हणाला, "माफ कर बाबा. उगाच तुझं नाव घेत होतो."

२१ ऑगस्ट

वॉर्डातल्या धाकट्या सिस्टरला घरी बोलावलं. माझ्या बाळंतपणात टाके तिनेच घातले होते. ऐकून रडायला लागली. "तुम्ही दाखवलं तसेच घातले, ताई." खरं आहे. आत बोट घालून स्नायू तपासायचा, हे मला कुणी दाखवलं नाही. मी तिला दाखवलं नाही. चहा केला. दोघींनी मिळून ठरवलं — जुन्या रजिस्टरातल्या बायकांना फोन करायचे. सोपं काम.

२२ ऑगस्ट

पहिला फोन मी केला. तिची मुलगी आता नऊ वर्षांची. तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली,

"तेव्हा मीच विचारलं होतं तुम्हाला, सिस्टर. तुम्ही म्हणालात, होतं असं."