मधल्या सात वड्या

हैदराबाद,
१४ मे १९९८

बावगारूंना तुमच्या मेहुणीचा, सुगुणाचा नमस्कार.

मी बरी आहे. ताईने पाठवलेलं आवकाय लोणचं मिळालं. कैऱ्या मीच चिरल्या होत्या, त्यामुळे चव काय सांगू!

पुढचं बोलायचं तर माझं डोकं फिरलंय. बॅटरी फुटली त्याबद्दल नोटीस बोर्डावर तुमच्या सहीने लागलंय, 'रचणाऱ्या कामगाराची चूक'. रचणारी कोण, ते नाव घालायची तरी हिंमत करायची होतीत. कॅन्टीनमध्ये वरलम विचारते, "काय गं, वडी उलटी बसवलीस म्हणे?" एकोणीस वर्षं त्या कोरड्या खोलीत ओठ फाटेस्तोवर बॅटरीच्या वड्या एकावर एक रचल्या मी. कधी उलटी बसली नाही.

आणि बसली असती, तर एकच जागा बिघडली असती! फुटलेली बॅटरी कापली तेव्हा मी समोर होते. दोन्ही टोकांच्या वड्या चांगल्या, मधल्या सातच्या सात काळ्याठिक्कर. टोकांची उष्णता डब्याला जाते, मधल्यांच्या उष्णतेला जायला वाट नाही. बॅटरी जागी व्हायला वड्यांतलं मीठ वितळण्यापुरती आच हवी, त्याहून जास्त झाली की गंधक सुटतं आणि शेजारच्या लिथियमला भिडतं. हे मला शिकवलं कोणी? तुम्हीच ना!

चाचणीत थंड करून पेटवलेल्या बॅटऱ्या वेळेत जाग्या होईनात, म्हणून आच देणाऱ्या, जळणाऱ्या वड्या तुम्ही जड केल्यात. थंडीत पास झाल्या. तापवून पेटवली ती फुटली. एवढं सरळ आहे.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. रास रचून झाली की दाबून उंची मोजायची आणि वहीत लिहायची, हे काम माझं. वड्या जड, म्हणून उंची वाढलेली दिसली. तुमच्याकडे आवकायच्या कैऱ्या चिरताना तुम्ही म्हणालात, "सुगुणा, जुनाच आकडा लिही गं, घरातली गोष्ट आहे." मी लिहिला. एकसष्ट बॅटऱ्यांना लिहिला. ताईकडे बघून लिहिला, आणि त्याची लाज मला वाटते, तुम्हाला का नाही?

एक फुटली. उरलेल्या साठ शनिवारी निघणार आहेत. वैमानिकांच्या खुर्च्यांत बसतील. विमान पेटल्यावर खुर्चीसकट बाहेर फेकलं जायला जो कडी ओढेल, त्याला आपली घरातली गोष्ट काय माहीत? त्याच्या बायकोला तुम्ही काय सांगणार, रचणाऱ्या कामगाराची चूक?

तपासणीच्या मोठ्या साहेबांना मी सकाळीच कागद दिला. मी बाजूला टिपून ठेवलेल्या एकसष्ट खऱ्या उंच्या, आणि खोट्या लिहिल्या त्या मी, हेही. तुमचं नाव घातलेलं नाही. वड्या जड कोणी केल्या, ते साहेब विचारतील तेव्हा मी सांगेन. त्याआधी तुम्ही स्वतः जा. शनिवारच्या आत जा.

माझी नोकरी जाईल, कळतं मला. हे पत्र ताईच्या हाती देतेय, उघडंच. इथपर्यंतचं तिने वाचलं. रडली, मग म्हणाली, "डब्यात ठेवते, जेवायच्या आधी वाचतील."

जेवून घ्या. मग साहेबांकडे जा.

त्या साठांची उंची खोटी लिहिणारी,
सुगुणा