राजेसाहेबांची माणसं

३ मे १९६०, मंगळवार

टँकर आजही आला नाही.

सगळं पाणी काँक्रीटच्या मिक्सरला. कारखान्याच्या टाउनशिपसाठी उंच पाण्याची टाकी बांधून राहिले, आणि जिच्या डोक्यावर घमेलं तिच्याच झोपडीत प्यायला घोट नाही. ह्यांना म्हटलं, काहीतरी करा. म्हणाले, राजेसाहेबांच्या कानावर घातलं आहे. झालं. जेवून उठले.

बाबू लोकांच्या खोल्यांमागे विहीर आहे – ती आमच्यापुरती. काल गयाबाई मजुरांच्या कॅम्पातून हंडा घेऊन आली तर चौकीदाराने हाकललं. मी माझी बादली तिच्या हंड्यात ओतली. त्या विहिरीतही आता निम्मा चिखलच वर येतो. त्यामुळे कॅम्पातल्या बायका मुरमाच्या खदानीत उतरतात. साचलेलं, गढूळ पाणी. तेच पितात.

रविवारी तिकडे महाराष्ट्र झाला म्हणे. आमचा भंडारा जिल्हा त्यात गेला, आम्ही इकडे परराज्यात, दुर्गजवळ सुपेल्यात. आनंद करायलाही अंगात त्राण लागतं. लूचा गरम वारा नुसता भाजून काढतो आहे.

५ मे

राजेसाहेब कॅम्पात आले होते. जीप थांबली तशी सगळी माणसं हातातलं टाकून उभी राहिली. म्हातारे पायाला लागले. मला अजून सवय होत नाही ह्याची. जमीनदारी केव्हाच गेली, गावं गेली, गढी ओस पडली. मुंबईच्या एका बांधकाम कंपनीला मजूर पुरवायचा ठेका त्यांनी घेतला, आणि मजूर म्हणून आणली ती आपलीच जुनी रयत! हे त्यांचे मुन्शी. हजेरी, शिधा, भांडणं – सगळं ह्यांच्या डोक्यावर.

वाईट माणूस नाही, हेही लिहायला हवं. प्रत्येकाला नावाने हाक मारतात. पीक बुडालं त्या साली कोठारं उघडून गाव जगवलं, हे धोंडबा येता-जाता सांगतो. धोंडबा म्हणजे गयाबाईचा नवरा. आज त्याने भीत भीत पाण्याचं काढलं. राजेसाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, टाकी होऊ दे, तोवर थोडं सोसा, तुम्ही माझी लेकरं.

धोंडबाच्या डोळ्यांत पाणी आलं. घसा मात्र कोरडाच.

८ मे

टँकर नाही. डोकं दुखतं आहे. पडून आहे.

१० मे

मैना गेली.

गयाबाईची लेक. नवऱ्याने टाकली म्हणून आईबापासोबत कामावर आलेली. खदानीत पाण्याला उतरली आणि वरची कड ढासळली. मुरूम उपसून काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी पोचले तेव्हा गयाबाई तिच्या पायांची माती पदराने पुसत होती. कोरड्याच पदराने. रडत नव्हती. मला म्हणाली, "बाई, हिले आंघोळ कशी घालू?" मी परत येऊन विहिरीत पोहरा सोडला. जे आलं ते नेलं. चौकीदार आज आडवा आला नाही.

११ मे

राजेसाहेबांनी नवं लुगडं आणि लाकडं पाठवली. स्वतः आले नाहीत. टँकर मिक्सरपाशी उभा होता, येताना पाहिला.

१४ मे

सकाळी धोंडबा आणि गयाबाई आमच्या ओसरीवर. बायकांनी ठरवलंय – टाकीचा स्लॅब ओतायचा त्या दिवशी निम्म्यावर घमेली खाली ठेवायची. आधी कॅम्पात पाणी, मग काम. स्लॅब अर्ध्यावर थांबला तर केलेलं वाया जातं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. गयाबाई ह्यांना ते सांगायला आली होती. विचारायला नाही.

धोंडबा तिच्यावर चिडलेला. लेक गेली त्याचीही, पण त्याचं म्हणणं, राजा चुकला तर देव बघून घेईल, रयतेनं उठायचं नसतं. ज्याने पडत्या काळात घास दिला त्याच्यापुढे ताठ उभं राहायचं, मग मेल्यावर तिकडे काय तोंड दाखवायचं?

गयाबाईने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "देवानं बसवला असंल तं देवच उठवंल त्याले. मी कोन उठवनारी? मी तं फकत बसून राहीन."

हे मधे पडले. म्हणाले, अर्ज करू, दुर्गला जाऊन लेबर इन्स्पेक्टरला भेटू. आपल्या माणसाशी आपण बोलतो, त्याच्या वर्मावर घाव घालत नाही. तेव्हा ती म्हणाली, "बाबूजी, तुमी तं बेचाळीसमदी जेलात गेलते म्हन्ते. तवा तुमी उठले, आन् आता आमाले कावून थांबवून राहिले?"

हे म्हणाले, ते परक्याचं राज्य होतं. ती म्हणाली, "आमचा राजा तवाबी हाच होता, बाबूजी."

चहा तसाच राहिला.

१५ मे

हे पुन्हा तसेच गप्प झाले आहेत. ताटावर बसतात आणि भिंतीकडे बघतात. मला हा गप्पपणा ओळखीचा आहे. बेचाळीसमध्येही असाच होता – आणि एक दिवस तहसीलीवर झेंडा लावायला निघून गेले ते दोन वर्षांनी आले.

मला उठाव नको. कुणाचाच नको. खरं-खोटं, न्याय-अन्याय, मला काही कळून घ्यायचं नाही. हे जेलात असताना आमची नलू तापाने गेली. सासरे म्हणाले, राजद्रोह्याच्या घरी डॉक्टर येत नाही. आला असता की नाही कोण जाणे, कोणी बोलवायलाच गेलं नाही. हे सुटून आले तेव्हा गावाने हार घातले. मी आत चुलीपाशी होते. हारातल्या झेंडूचा वास अजून सहन होत नाही मला.

ह्यांना आज स्पष्ट सांगितलं – तुम्ही पुन्हा काही करायचं नाही. ह्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "नाही करणार. दमलो गं मी."

मला बरं वाटलं. गयाबाईचा चेहरा आठवला, तरीही बरंच वाटलं.

१७ मे

स्लॅबचा दिवस.

सकाळी निम्मा स्लॅब ओतून होईपर्यंत बायकांनी काम केलं आणि मग घमेली पालथी घालून मिक्सरभोवती बसल्या. हे राजेसाहेबांना आणायला गेले. मी घरीच राहणार होते. पण गयाबाईच्या पोटात कालपासून काही नाही हे माहीत होतं, म्हणून भाकरी बांधून नेली. तिने एक तुकडा मोडला, तो हातातच धरून ठेवला. चालून माझे पाय भाजले होते. म्हटलं, घटकाभर टेकावं. तिच्या शेजारी बसले.

जीप आली. सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या! ठरवून बसलेल्या, तरी उठल्या. गयाबाईसुद्धा. अंगात मुरलेलं असतं ते.

मी उठले नाही.

धैर्य-बिर्य काही नव्हतं. पाय उचलत नव्हते. समोर टँकरचा नळ गळत होता, खालची रेती तेवढीच ओली झाली होती, आणि माझी नजर तिथून हलत नव्हती.

राजेसाहेब जवळ आले. सौम्यपणे म्हणाले, "नरहरीबाबूंच्या मंडळी ना? उन्हात कशाला आलात?"

मी म्हटलं, "पाणी कधी देणार?"

मिक्सर तेवढा रिकामा घरघरत होता. मग गयाबाई खाली बसली. मग तिच्या पलीकडची. मग सगळ्या. राजेसाहेब उभे. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते रागावले नव्हते. त्यांना काय झालं ते कळतच नव्हतं – रोजच्या वाटेवर पायरी चुकावी तसा चेहरा.

हे जीपच्या मागे उभे होते. माझ्याकडे पाहत नव्हते.

१८ मे

हे न जेवताच बाहेर पडले. बायका बसून आहेत. मीही गेले. भाकरी न्यायच्या निमित्ताने, पण नेली नाही.

२० मे

निम्मा स्लॅब फोडावा लागणार. कंपनीचा मुंबईचा इंजिनिअर आला होता. तो कोणाच्या पाया पडण्यातला नाही, कोणाला पडू देण्यातलाही नाही. त्याने राजेसाहेबांना सगळ्यांदेखत विचारलं, ह्या लोकांना पाणी का मिळत नाही? राजेसाहेब म्हणाले, ही माझी माणसं आहेत, मी बघतो. तो म्हणाला, तुमची असतील, काम माझं आहे. संध्याकाळच्या आत ठेका काढून घेतला.

दिवस मावळायच्या आधी टँकर कॅम्पात आला. मुलं नळाखाली नागडी नाचली. गयाबाई हंडा भरून झोपडीत घेऊन गेली आणि आतून दार लावून घेतलं. मग तिचा आवाज ऐकू आला. दहा दिवसांनी रडली.

२१ मे

राजेसाहेब गेले. जीप कंपनीची होती, ती राहिली. दुर्ग स्टेशनला जायला टांगा आला. कोणी निरोपाला आलं नाही – फक्त धोंडबा. त्यांची पेटी डोक्यावर घेऊन टांग्यापर्यंत गेला. त्यांनी नको म्हटलं तरी पाया पडला.

मी पाणी नेऊन दिलं. ते उभ्या उभ्या प्यायले, तांब्या परत दिला. म्हणाले, "बाई, मी ह्यांना उपाशी कधी ठेवलं नाही." खरंच होतं ते. मैना गेली हेही खरं.

रयतेनं उठावं की नाही – मला अजून सांगता येणार नाही. धोंडबा टांगा दिसेनासा झाला तरी रस्त्यावर उभा होता. गयाबाईने त्याला हाक मारली नाही. येऊ दिलं त्याच्या वेळेने.

२३ मे

इंजिनिअरने ह्यांना बोलावलं. ही माणसं तुमची भाषा बोलतात, तुमच्या बायकोचं ऐकतात, म्हणाला. मजुरांचा ठेका तुम्ही चालवा.

हे घरी येऊन ओसरीवर बसले. मग म्हणाले, "मी नाही घेतला तर दुसरा घेईल. तो कसा असेल कोण जाणे." मला विचारत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काही विचारलं.

मी म्हटलं, घ्या. पण पाणी आधी कॅम्पात, मग मिक्सरला. म्हणाले, कबूल.

२७ मे

टँकर रोज येतो. दोनदा. हे स्वतः उभे राहतात. खदानीच्या कडेला काटेरी तार लावून घेतली. विहिरीवरचा चौकीदार काढला. बऱ्याच दिवसांनी ह्यांना भूक लागली.

१ जून

धोंडबा सकाळी ओसरीवर आला. ह्यांना "मालक" म्हणाला. हे हसले, म्हणाले, अरे, मी मुन्शी माणूस, मालक-बिलक म्हणू नको. मला बरं वाटलं.

४ जून

धोंडबा पुन्हा "मालक" म्हणाला. हे हिशेबात होते. काही बोलले नाहीत. ऐकलं नसेल.

९ जून

गयाबाई बऱ्याच दिवसांत आली नाही म्हणून आज मीच कॅम्पात गेले. बायका टँकरच्या सावलीत बसून बोलत होत्या. गयाबाईने मला येताना पाहिलं, आणि ती उठून उभी राहिली. मग बाकीच्याही.