आता पुढची अध्यक्ष नको

मी, श्रीमती मंजुळा देवराम शेजवळ, वय वर्षे बहात्तर, राहणार कल्याण पूर्व, राज्य परिवहनच्या खोपट आगारातून लेखनिक म्हणून निवृत्त, आज स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने, दुपारचा चहा घेऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला आजचा वार विचारला, मी तो सांगितला, आणि त्यांनी मोबाइलमध्ये बघून खात्री करून घेतली, तेव्हा नेमकी कोणाची बुद्धी तपासली गेली ते मी सांगू शकत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. हे वाक्य मला गेल्या कित्येक वर्षांत लिहिता आले नसते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम १. राहते घर. विठ्ठलवाडी स्टेशनजवळची तळमजल्यावरील ही सदनिका मी व माझे पती दिवंगत देवराम यांनी दोघांच्या पगारातून घेतली. त्यांच्या माघारी आमचा एकुलता मुलगा सिद्धेश याने हक्कसोडपत्र करून दिल्याने ती संपूर्णपणे माझ्या मालकीची आहे. माझ्या मृत्यूनंतर ती सिद्धेश आणि माझी सून पायल या दोघांना समान हिस्स्याने मिळावी. पायलचे नाव मी मुद्दाम घालत आहे. कामे वाटताना तिचे नाव कोणी विसरत नाही, घर वाटतानाही विसरू नये.

या घराच्या मागच्या खोलीला सगळे पाहुण्यांची खोली म्हणतात. ती मुळात सिद्धेशची अभ्यासाची खोली होती. त्याने बारावीचा अभ्यास दिवाणखान्यात, एका फ्रेंच बासरीवाल्याच्या रियाजाच्या शेजारी बसून केला, आणि तरीही पास झाला. ती खोली आता त्याची. आता त्याला अभ्यास नाही, पण शीळफाट्याच्या गोदामातून ट्रॅफिक तुडवत घरी आल्यावर दार लावून पडायला तरी जागा हवी. त्या खोलीच्या भिंतीवर एका फ्रेंच चित्रकाराने आमच्या जुन्या चाळीतली वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी काढली आहे. त्यात देवरामांचा एक लेंगाही आहे. भिंत ठेवायची की रंगवायची ते दोघांनी ठरवावे. मला विचाराल तर ठेवा, लेंगा हुबेहूब आला आहे.

कलम २. आता ते फ्रेंच कुठून आले, हे सांगणे भाग आहे, नाहीतर पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत.

देवराम डोंबिवलीच्या एका महाविद्यालयात फ्रेंच शिकवत. मुले फ्रेंच घेत ती मार्क चांगले पडतात म्हणून, आणि परीक्षा संपली की तिसऱ्या दिवशी विसरत. हे त्यांच्या मनाला फार लागे. तरुणपणी शिष्यवृत्ती मिळून ते फ्रान्समधल्या एका लहानशा गावात एक उन्हाळा राहून आले होते. तिथले लोक संध्याकाळी चौकात खुर्च्या टाकून एकमेकांना कविता वाचून दाखवतात, हे त्यांनी पाहिले, आणि ते आपल्याकडेही झाले पाहिजे हे त्यांनी डोक्यात घेतले. त्यातून फ्रेंच-मराठी स्नेहमंडळ निघाले. एका वर्षी त्या गावाचा कोणी कवी, नट, चित्रकार आमच्याकडे महिनाभर राहायचा. दुसऱ्या वर्षी आपल्याकडचा कोणी तिकडे जायचा. त्यांच्या गोष्टी, कविता, नाटुकली मराठीत व्हायची आणि सादर व्हायची. ठाण्यात हॉल मिळाला तर ठाण्यात, नाहीतर आमच्या बुद्धविहाराच्या सभागृहात.

मला फ्रेंच येत नाही. बोंझूर, मेर्सी आणि “आणखी भात?” एवढ्यावर माझे सगळे भागले. कविता मला निम्म्या ऐकून कळत आणि निम्म्या देवरामांच्या चेहऱ्यावरून. पण वाया गेले असे मी म्हणणार नाही. एकदा एक मूकनाट्यवाला आला होता. त्याने विहारात, तोंडातून अवाक्षर न काढता, न दिसणारे ओझे डोक्यावर घेऊन न दिसणारा जिना चढून दाखवला. शेजारच्या आवडाबाई नवरा गेल्यापासून कधी हसल्या नव्हत्या. त्या पदर तोंडात कोंबून हसल्या आणि घरी जाईपर्यंत हसत होत्या. त्या संध्याकाळी देवराम मला म्हणाले, “बघितलंस मंजू?” मी बघितले होते.

कलम ३. देवराम गेले तेव्हा विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग आदरांजलीची भाषणे. मी पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसले होते. सकाळपासून जो येई तो समोर उभा राहून दोन शब्द बोले आणि मी मान हलवी. कोण काय बोलते ते कानात शिरतही नव्हते. मंडळाचे खजिनदार सीताराम खरात यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, “सरांचं अपुरं कार्य आता मंजुळावहिनी पुढे नेणार आहेत. काय वहिनी?” मी मान हलवली. आदरांजलीत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे त्या दिवशी कोणाला आठवले नाही. संध्याकाळपर्यंत बातमी फ्रान्सला पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी आवडाबाईंनी अध्यक्ष झाल्याबद्दल माझे अभिनंदन केले, तेव्हा ती मला कळली.

तेव्हापासून व्हिसाची पत्रे, हॉलचे बुकिंग, उशिरा येणारे प्रमुख पाहुणे, बॅनरवरच्या नावांचे रुसवे आणि महिनाभर परक्या माणसाचे जेवणखाण मी सांभाळले. वाईट सांभाळले असे कोणी म्हणू शकणार नाही. पण दर वेळी पाहुण्याला विमानतळावर सोडून आले की मी अंथरुणावर पडे ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठे. मी सोडले का नाही, असे कोणी विचारेल. सोडले तर देवराम पुन्हा एकदा गेले असे होईल, असे मला वाटे. त्या भीतीपुढे मला दुसरे काही सुचत नसे.

कलम ४. ज्या प्रसंगामुळे मी हे मृत्युपत्र लिहायला बसले तो यंदाच्या कार्यक्रमानंतरचा आहे. खुर्च्या आवरताना सीतारामभाऊ पायलच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाले, “ही आमची पुढची अध्यक्ष. वहिनींनंतर पायलच!” आणि पायलने, मोठ्या माणसाचा मान म्हणून, मान हलवली.

ही मुलगी ठाण्याच्या लॅबमध्ये सकाळपासून लोकांचे रक्त तपासते, घरी येऊन स्वयंपाक करते, आणि रविवारी एक दिवस उशिरा उठते. तो रविवारही जाणार होता. आणि मी गेल्यावर माझ्याच पुण्यानुमोदनात कोणीतरी माइक घेऊन ते पक्के करणार, हे मला लख्ख दिसले.

दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना मी तिला विचारले, “पायल, तुला हे मंडळ चालवायचंय का गं?”

तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग मेथीकडे. “तुम्ही म्हणाल तसं, आई.”

“मी काही म्हणत नाहीये. तुला विचारतेय.”

“खरं सांगू? राग नाही ना येणार?” मग एका दमात म्हणाली, “नको, आई. पाहुणे आले, राहिले, ते चालतं मला. मजा येते. पण ती भाषणं, ते हॉलवाल्यांचे फोन, ते मानपान... मला टेन्शनच आलेलं कालपासून. झोप नाही लागली.”

मी जुडी खाली ठेवली आणि हसू लागले. ती घाबरली, मग तीही हसू लागली. सिद्धेश आतून ओरडला, “काय झालं? कोण आलंय आता?” 

कलम ५. त्याच आठवड्यात मी मंडळाचे कार्यवाह उत्तम गांगुर्डे यांना घरी बोलावले. उत्तमभाऊजी हे देवरामांचे पहिले विद्यार्थी आणि फ्रेंच न विसरलेले बहुधा एकमेव. त्यांना कसे सांगावे म्हणून मी दोन वेळा चहा केला. शेवटी सांगितले की मला मंडळ बंद करायचे आहे.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “वहिनी, आता बोलतोच. आम्ही सगळे तुमच्यासाठी खेचत होतो. सर गेल्यावर तुम्हाला काहीतरी धरायला पाहिजे म्हणून. माझे गुडघे कधीचेच बोलायला लागलेत, पण तुम्ही एवढ्या उत्साहाने करता, तर नाही कसं म्हणणार?”

मी उत्साहाने करत होते, हे मला त्या दिवशी प्रथमच समजले.

मग फ्रान्सला कळवायचे राहिले. तिकडच्या मंडळाची अध्यक्ष सोलांज माझ्यापेक्षा थोडी मोठी आहे. तिला आम्ही मोबाइलवर समोरासमोर घेतले. भाऊजींनी फार अदबीने, फार लांबण लावून सांगितले. तिने चष्मा काढला. मला वाटले, रडते आहे. ती हसत होती, आणि मागे वळून कोणाला तरी हाका मारत होती. भाऊजींनी मला मराठीत सांगितले, “तिकडे चौघंच उरलीत, वहिनी. दर वर्षी म्हणतात, बंद करू या. मग म्हणतात, मादाम शेजवळांना वाईट वाटेल.”

फ्रेंच माणसे आपल्याइतकीच भिडस्त असतात, हे इतक्या वर्षांच्या देवाणघेवाणीत एकाही भाषणात आले नव्हते. 

सबब, मंडळाच्या सभेने रीतसर ठराव करून मंडळ विसर्जित केले आहे. शिल्लक आणि पुस्तके शहरातील सार्वजनिक ग्रंथालयाकडे गेली आहेत. त्यावर माझ्या वारसांचा हक्क नाही आणि माझ्या वारसांवर मंडळाचे कोणतेही काम नाही. हे दुसरे वाक्य कृपया पुन्हा वाचावे.

कलम ६. बँकेतील ठेवी व माझे दागिने सिद्धेश आणि पायल यांनी समान वाटून घ्यावेत. त्यातून विहाराच्या अभ्यासिकेला दोघांना योग्य वाटेल तेवढे दान द्यावे. मंडळाच्या घडीच्या खुर्च्यांपैकी काही सीताराम खरात यांनी मुलाच्या लग्नाला नेल्या त्या परत आलेल्या नाहीत. त्या त्यांनी ठेवाव्यात. त्यांच्याविषयी माझ्या मनात किल्मिष होते, ते आता नाही. त्यांनी त्या दिवशी माइक घेतला तो देवरामांवरच्या प्रेमापोटी घेतला, हे मला तेव्हाही माहीत होते.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून उत्तमभाऊजींना काही देत नाही. मोकळीक त्यांना आधीच दिली आहे, आणि ती मालमत्तेत धरत नाहीत.

कलम ७. देवरामांनी केलेल्या अनुवादांची हस्तलिखिते सिद्धेशला मिळावीत. सिद्धेशला फ्रेंच येते. दिवाणखान्यात झोपून झोपून आले आहे. तो ते कबूल करत नाही, पण पाहुणे हळू आवाजात काही बोलले की तो गालात हसतो, हे मी पाहिले आहे. हे अनुवाद ज्याला आवडतील त्याने वाचावेत, छापावेत, विहारात म्हणावेत. परवानगीची गरज नाही. आवडले म्हणून कोणी उद्या नवे मंडळ काढले तर माझी हरकत नाही, आनंदच आहे. मात्र ते त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हौसेने काढावे. देवरामांचे अपुरे कार्य म्हणून कोणी काही हाती घेऊ नये. त्यांचे कार्य अपुरे नव्हते. आवडाबाई हसल्या तेव्हाच ते पुरे झाले होते.

कलम ८. माझ्या पुण्यानुमोदनाविषयी. वंदना व्हावी, जेवण साधे असावे. ज्यांना बोलायचे असेल त्यांनी बोलावे, माझी चेष्टा केली तरी चालेल. माइकजवळ सिद्धेशने बसावे आणि कोणीही “यापुढे” असा शब्द उच्चारला की बटण बंद करावे. पायलला पहिल्या रांगेत बसवू नये. त्या दिवशी तिने हलवलेली मान कोणत्याही गोष्टीसाठी होकार समजली जाणार नाही, असे मी या मृत्युपत्राद्वारे जाहीर करते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सिद्धेशने करावी.

कलम ९. हे शेवटचे, आणि याला मालमत्तेत जागा नाही, पण वकील म्हणाले लिहा.

त्या फोनवर, सगळे हसून झाल्यावर, सोलांज काहीतरी बोलली. मी विचारले, काय म्हणते? ते म्हणाले, “ती विचारते, कार्यक्रम नसेल तर तिने आलेलं चालेल का.”

इतक्या वर्षांत ती एकदाही आली नव्हती. दर वेळी कोणीतरी कलावंत आला, तिचा नंबर लागलाच नाही. येत्या जानेवारीत ती येते आहे. हॉल घेतलेला नाही, बॅनर नाही, शाल नाही. तिला मराठी येत नाही, मला फ्रेंच येत नाही, आणि मध्ये बसून सांगायला उत्तमभाऊजी रोज येणार नाहीत, गुडघ्यांमुळे. आम्ही काय करणार आहोत ते मला माहीत नाही. मी फार खूश आहे.

मी असले तर तिला आणायला विमानतळावर मी जाईन. तोवर नसले तरी तिचे येणे रद्द करू नये. तिला माझी खोली द्यावी, भात वाढावा, आणि तिच्यासमोर कोणीही काही वाचून दाखवू नये. आणायला पायलने जावे असे मला वाटते. पण तिला आधी विचारावे.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून आणि हलक्या मनाने खालील साक्षीदारांसमोर सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

सही: मंजुळा देवराम शेजवळ

साक्षीदार:
१. उत्तम गांगुर्डे, निवृत्त शिक्षक, राहणार डोंबिवली पूर्व
२. आवडाबाई दौलत साबळे, शेजारी, राहणार कल्याण पूर्व

ठिकाण: कल्याण पूर्व
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५